तक्रार न करताही जो येतो

२०१८ च्या हिवाळ्यात आमच्या लॉस एंजेलिसच्या घराच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. अमुक दिवशी शहराच्या गृहनिर्माण खात्याचा इन्स्पेक्टर घर बघायला येणार, असं त्यावर लिहिलं होतं. दाराला सरकारी कागद लागला म्हणजे काहीतरी थकलंय किंवा कोणीतरी तक्रार केलीय, हीच आपली समजूत. मी घाबरून नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, आपल्या बिल्डिंगची पाळी आली असेल. दर चार वर्षांनी येतात."

आल्या त्या इन्स्पेक्टर बाई. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. सिंकखालचं कपाट उघडून वाकून पाईप बघितले. नळ सोडला आणि गरम पाण्याच्या धारेत थर्मामीटर धरून उभ्या राहिल्या. धुराच्या अलार्मचं बटण दाबलं, बेडरूमच्या खिडकीची जाळी आतून उघडते का ते स्वतः उघडून पाहिलं. आमचं घर दहा मिनिटांत आटोपलं.

खरी गोष्ट शेजारी घडली. तिथे ग्वाटेमालाच्या एक आजी राहतात. त्यांचा भिंतीतला हीटर दोन हिवाळे बंद होता. आजी घरातसुद्धा कोट घालून बसायच्या, हे मला माहीत होतं. मालकाकडे बोला म्हटलं की मान हलवायच्या. भाडं वाढवलं तर, जा म्हणाला तर? इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं तेव्हाही त्या हसून "तोदो बिएन" म्हणाल्या, सगळं छान आहे. बाईंनी ऐकून घेतलं, हीटरचा खटका फिरवला आणि जाळीवर तळहात ठेवून थांबल्या. थंडगार. त्यांनी नोंद केली. मालकाला ३० दिवसांची नोटीस गेली आणि तिसऱ्या आठवड्यात हीटर सुरू झाला. आजींना एक शब्द बोलावा लागला नाही.

तेव्हापासून मी भाड्याच्या घरांच्या या तपासणी योजनेबद्दल मिळेल ते वाचत आले. पूर्वी इथेही तक्रार आली तरच माणूस यायचा. १९९७ मध्ये शहरातल्या मोडकळीला आलेल्या भाड्याच्या घरांवर एका नागरिक समितीचा अहवाल आला आणि १९९८ मध्ये ही पद्धतशीर तपासणी सुरू झाली. दोन किंवा अधिक भाड्याची घरं असलेली प्रत्येक इमारत तिच्यात येते. २००५ साली तिला हार्वर्डचा, चांगल्या शासकीय उपक्रमांसाठीचा पुरस्कारही मिळाला. मालक दुरुस्ती टाळतच राहिला तर भाडं कमी करून भाडेकरूने ते शहराच्या खात्यात भरायची सोयही इथे आहे. मालकाच्या खिशाला हात लागल्याशिवाय तो हलत नाही, हे इथल्या लोकांनी ओळखलंय.

आता पैशांचं. ही तपासणी शहराच्या सर्वसाधारण तिजोरीवर चालत नाही. दर घरामागे मालकाकडून वर्षाला ठरावीक फी घेतात आणि ती वेगळ्या निधीत जाते. बरीच वर्षं ती ४३.३२ डॉलर होती, पुढे वाढली. मालकाला ती भाडेकरूकडून वसूल करायची मुभा होती, महिन्याला ३.६१ डॉलर. एका कॉफीचे पैसे! मला ही रक्कम कधीच टोचली नाही. पैसा वेगळा ठेवल्यामुळे मंदीच्या वर्षी हा निधी रस्त्याकडे किंवा पोलिसांकडे वळवता येत नाही, आणि माझ्या मते योजनेचा सगळा जीव तिथेच आहे.

पण पैसा असून भागत नाही, माणसं लागतात. योजनेत सात लाखांहून जास्त घरं आहेत. चार वर्षांत सगळी बघायची तर वर्षाला पावणेदोन लाख, कामाच्या दिवसाला सुमारे सातशे. एक माणूस दिवसाला वीस घरं बघतो असं धरलं तरी रोज पस्तीस जण फक्त पहिल्या फेरीला हवेत. शिवाय दुरुस्ती झाली का ते बघायची फेरी, मधेच आलेल्या तक्रारी, सुनावण्या, कागदपत्रं. दहा जागा रिकाम्या राहिल्या की चाराची पाच वर्षं होतात. ज्यांना बोलता येतं ते फोन करून इन्स्पेक्टरला बोलावून घेतात. ज्यांना येत नाही ते आणखी एक हिवाळा कोट घालून बसतात. म्हणून शहराच्या बजेटची चर्चा सुरू झाली की मी आधी या खात्यात किती जागा भरल्यात ते बघते.

गिरगावात आमच्या चाळीलाही दुरुस्तीसाठीचा उपकर होता आणि पावसाळ्याआधी म्हाडाची धोकादायक इमारतींची यादी यायची. बाबा पेपरात आधी ती यादी बघायचे. पण कोणी कधी आमच्या खोलीत येऊन, वाकून मोरीचा पाईप बघितल्याचं मला आठवत नाही.

हीटर सुरू झाल्यावर आजी भाड्याची पावती घेऊन माझ्याकडे आल्या. भाड्याखालच्या ३.६१ च्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे कसले पैसे? इतकी वर्षं भरत होत्या, कोणी सांगितलंच नव्हतं. मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, "त्या दिवशी आल्या होत्या ना, त्या बाईंचे." आजींनी पावती पुन्हा एकदा वाचली, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवायला गेल्या. कोट घातलेला नव्हता.