12,400 किलोमीटर आणि एक संकष्टी

इंदूरहून दिल्ली विमानाने साधारण 660 किलोमीटर आहे आणि तो टप्पा दीड तासात संपला. दिल्लीच्या विमानतळावर रात्र खुर्चीत काढावी लागली, तेवढेच काय ते कष्ट. पुढे सॅन फ्रान्सिस्को. पृथ्वीच्या गोलावरचे सरळ अंतर सुमारे 12,400 किलोमीटर भरते. पण ती रेषा उत्तर ध्रुवाच्या बाजूने, 75 अंश अक्षांशाच्याही वरून जाते, आणि विमाने नेहमी त्या रेषेने जात नाहीत. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वारे पाठीशी मिळावेत म्हणून पॅसिफिकवरून जाणे पुष्कळदा परवडते. 2016 मध्ये एअर इंडियाने याच दोन शहरांमध्ये 15,300 किलोमीटरचा असा वळसा घेऊन ते अंतर साडेचौदा तासांत कापले होते. आमच्याही समोरच्या पडद्यावर जपान मागे पडला आणि खाली नुसते निळे पाणी उरले.

फेब्रुवारीतली ती संकष्टी होती. आईने आदल्याच दिवशी खजरान्याच्या गणपतीला जाऊन, "उपास मी सोडणार नाही, प्रवास असो की काही," असे सांगून ठेवले होते. पहाटे पाचला विमान सुटले. तिने पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला, अर्धा मला दिला आणि उरलेला रुमालात बांधून ठेवला. काही तासांनी खिडकीबाहेर अंधार झाला. तिने मला हलवून विचारले, "अरे, चंद्रोदय झाला असेल का?" मी घड्याळात पाहिले तर इंदुरात दुपारही कलली नव्हती. पुढे समुद्रावर वाररेषा ओलांडली आणि पडद्यावरची तारीख एक दिवस मागे गेली. तिला हे समजावताना माझी जीभ अडखळत होती. ती मात्र शांतपणे म्हणाली, "म्हणजे आजचा दिवस आपल्याला दोनदा मिळाला."

साडेपंधरा तासांनी उतरलो तेव्हा तिथे त्याच तारखेचे सकाळचे सात वाजले होते, कारण हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. पासपोर्ट तपासणीच्या रांगेत आठ वाजता भावाचा इंदूरहून फोन आला, "आई, इथे चंद्र दिसला. तू उपास सोड." माझेही मत तेच होते, सुजलेल्या पायांनी ती तासभर उभी होती आणि बसायला एक साधी खुर्चीही कोणी दिली नव्हती, याचा मला आजही राग येतो. पण आई म्हणाली, "मी इंदुरात नाही ना आता. इथला चंद्र उगवेपर्यंत थांबायचे."

बहिणीने तिथले पंचांग पाहिले. चंद्रोदय रात्री दहाच्या सुमारास होता. दिल्लीत विमानात बसल्यापासून तोवर साडेतीस तास होणार होते. दिवसभर आई दूध आणि फळांवर राहिली, दुपारी थोडी झोपली आणि रात्री शाल पांघरून बाल्कनीत उभी राहिली. समोरच्या इमारतीमागून चंद्र पिवळट, किंचित कापलेला असा वर आला. तांब्या बरोबर आणायचा राहून गेला होता, तिने बहिणीच्या स्टीलच्या पेल्यातून अर्घ्य दिले, आत येऊन वरणभाताचा पहिला घास घेतला आणि फोन हातात घेऊन म्हणाली, "इंदुरात आता किती वाजले असतील? त्यांची जेवायची वेळ झाली असेल."