मामाच्या जॉयस्टिक कार्डाची तिसरी खेप

मामाकडचा डीबी स्पेक्ट्रम प्लस अजून चालतो. ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमचा परवाना घेऊन पुण्याच्या डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं आणलेला हा संगणक. मामानं तो १९८९ साली घेतला तेव्हा आजी महिनाभर त्याच्याशी धड बोलली नव्हती. मागे लावायचं जॉयस्टिक कार्ड मात्र गेल्या दिवाळीत बंद पडलं. कुणी बनवलं त्याचा कार्डावर उल्लेख नाही, चिपांवरचे नंबरही खरवडून काढलेले. "अगं, तू एवढी इलेक्ट्रॉनिक्सवाली, नवं करून दे की," मामा म्हणाला. एका रविवारचं काम, असं मला वाटलं.

केम्पस्टन पद्धतीचं (ही स्पेक्ट्रमला जॉयस्टिक जोडायची एक प्रचलित पद्धत) कार्ड तसं साधंच असतं. प्रोसेसरनं ३१ नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरच्या उपकरणाचा पत्ता, वाचलं की कार्डानं जॉयस्टिकची स्थिती सांगायची: उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, फायरला १६. जॉयस्टिक दाबली की तार शून्यावर जाते आणि स्पेक्ट्रमला तिथं एक हवा असतो, म्हणून मध्ये सगळं उलटं करणारी २४० चिप. मल्टिमीटर घेऊन जुन्या कार्डाचे ट्रॅक शोधले, तसंच्या तसं किकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवलं आणि पाच बोर्ड मागवले.

ती पहिली खेप थेट भंगारात गेली. स्पेक्ट्रमच्या मागच्या कनेक्टरला दोन्ही बाजूंनी २८-२८ जागा, त्यातली पाचवी म्हणजे खाच. खाचेच्या एका अंगाला ९ व्होल्ट आणि त्याला चिकटून ५ व्होल्ट, दुसऱ्या अंगाला ग्राउंड. मी क्रम लिहिला तो समोरून पाहून, कनेक्टर बसणार होता बोर्डाच्या पाठीमागून. सगळं आरशातलं. वाचले ते एका सवयीमुळे: वीज देण्याआधी झेड८०च्या, म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरच्या, २९ नंबरच्या पायापासून (तो ग्राउंडचा) कार्डाच्या ग्राउंडपर्यंत बीप येतो का, ते बघायचं. आला नाही. आला नाही म्हणूनच मामाचा संगणक आज जिवंत आहे. आता कुठलाही बोर्ड मागवण्याआधी मी त्याचा कागदावर खऱ्या मापाचा प्रिंट काढते आणि कनेक्टरवर धरून बघते. लहान मुलीसारखं वाटतं, पण वाटू दे.

दुसरी खेप चालली. मामा दोन आठवडे खुश होता. मग त्यानं कुठूनसं केम्पस्टन माउसचं कार्ड पैदा केलं, त्याच्या मागे माझं लावलं आणि फोन केला, "तुझं कार्ड लावलं की उंदीर मरतो."

दोष मी इमानेइतबारे नक्कल केलेल्या त्या जुन्या कार्डात होता. ३१ म्हणजे पत्त्याच्या खालच्या आठ तारांपैकी (ए० ते ए७) ए५, ए६, ए७ शून्य आणि बाकीच्या पाच एक. त्या काळच्या काटकसरीत कार्डवाल्यानं एकट्या ए५वर भागवलं होतं. माउसची पोर्टं ६४२२३, ६४४७९ आणि ६५५०३. तिन्हींचा खालचा भाग २२३, आणि २२३मध्ये ए५ शून्यच. म्हणजे प्रोसेसरनं हाक मारली माउसला आणि ओ दिली दोघांनी. एकाच घरात दोन बाळ्या असल्यावर होतं तसं.

म्हणून तिसऱ्या खेपेत तिन्ही तारा तपासल्या. त्यांच्याबरोबर आयओआरक्यू आणि आरडी, म्हणजे प्रोसेसर पोर्ट वाचतोय हे सांगणाऱ्या दोन तारा. या पाचही तारा एकदम शून्यावर आल्या तरच कार्डानं तोंड उघडायचं. पाच तारांसाठी दोन-दोन इनपुटची चार ऑर गेटं (दोन्ही इनपुट शून्य असतील तरच शून्य देणारी) लागतात, आणि ७४३२ चिपमध्ये बरोबर चारच असतात. एकही गेट उरलं नाही आणि एकही कमी पडलं नाही, याचा आनंद मी घरात कुणाला समजावू शकले नाही.

जुन्या कार्डात उत्तराच्या आठ बिटांपैकी जॉयस्टिकला न लागणारी वरची तीन बिटं लोंबकळत सोडली होती. २४०मध्ये तीन जागा रिकाम्याच होत्या, त्यांचे इनपुट ५ व्होल्टला बांधले, म्हणजे ती बिटं कायम शून्य. ड्रॉवरमधल्या एचसी प्रकारच्या चिपा लावणार होते, पण डेटाशीट बघून पुण्याच्या तपकीर गल्लीतून त्यांचा एचसीटी प्रकार आणला. जुन्या, एनमॉस घडणीचा झेड८० 'एक' म्हणून २.४ व्होल्टचीच हमी देतो, एचसीला साडेतीन लागतात. एचसी चालल्याही असत्या बहुतेक. पण जे बहुतेक चालतं तेच रात्री अकराला फोन करायला लावतं. शिवाय कार्डाच्या मागच्या कडेला आता सोनेरी पट्ट्या काढल्या आहेत, म्हणजे त्यामागे आणखी एखादं कार्ड लावता येईल.

गेल्या शनिवारी मामाकडे बसूनच सोल्डरचे डाग दिले. चाचणीला एका ओळीचा बेसिक प्रोग्राम: पडद्याच्या कोपऱ्यात 'इन ३१', म्हणजे ३१ नंबरच्या पोर्टावरचा आकडा, छापत राहायचं. ०. उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८. फायर दाबलं, १६. सोडलं, तर ०६.

सहा म्हणजे दोन अधिक चार, म्हणजे डावीकडे आणि खाली दोन्ही अडकलेलं! मी पाऊण तास डाग तपासले, दोन पाय पुन्हा तापवले, जॉयस्टिक उघडली. मामा चहा घेऊन आला, पडद्याकडे बघत म्हणाला, "शून्य लावून सहा कोण लिहितं गं?"

सोळातला एक शून्यानं झाकला होता, सहा तसाच मागे उरला होता. आकड्यानंतर एक मोकळी जागा छापायला सांगितली आणि पडद्यावर नुसतं ० उरलं. मग माउसचं कार्ड मध्ये लावलं. उंदीर पळाला.