आईचा तंबोरा मिरजेला नेला

आईचा तंबोरा तीन-चार वर्षं गवसणीत पडून होता, शेवटी उचलला आणि गेले मिरजेला. मिरज म्हटलं की लोकांना जंक्शन नाहीतर दवाखाने, त्यामुळे शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं, कोण अ‍ॅडमिट आहे गं? म्हटलं तंबोराच.

सतारमेकर गल्लीत चकचकीत असं काही नाही. वर भोपळे टांगलेले, खाली भुसा, मधे मांडी घालून बसलेली माणसं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, कडू, भाजीचे नव्हेत. हे काम 19व्या शतकात शिकलगारांनी सुरू केलं, म्हणजे मुळात हत्यारांना धार लावणारे लोक, ते काम कमी झालं तसे वाद्यांकडे वळले. 2024 मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे त्या गावची खास वस्तू म्हणून सरकारी मानांकन, मिळालं, छानच झालं, पण आता रियाजाला बरेच जण मोबाईलवरचं तंबोऱ्याचं अ‍ॅप लावतात (मी पण, खोटं कशाला बोलू).

मला वाटलं जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवणं, हे दहा मिनिटांचं काम. तंबोरा हातात घेतलेले कारागीर चाचा तासभर कानस घेऊन घोडीवरच होते, दोनदा घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, परत घासायचं. घोडी नुसती बघितली तर सपाट वाटते पण तिला बारीक उतार असतो, तार त्या उताराला लागत लागत थरथरते म्हणून तो गुंजणारा आवाज येतो आणि वापरून खाचा पडल्या की आवाज बसतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची, केसाएवढं इकडेतिकडे झालं तरी गेलं. माप वगैरे काही नाही, सगळं कानावर.

तेवढ्या वेळात मी दर्ग्यात जाऊन आले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले, त्यांची कबर तिथेच आहे, आणि उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं, मोठमोठे गवई येऊन सेवा म्हणून गातात. एकदा तरी रात्रभर बसून ऐकायचंय.

परत आले तर चाचा म्हणाले, "ताई, आई कुठल्या पट्टीत गातात?" मला कुठे माहीत! आईला फोन लावला, पेटीची काळी चार म्हणाली. फोन स्पीकरवर ठेवून चाचांनी तारा लावल्या, छेडल्या. पलीकडे आई बराच वेळ गप्पच. मग म्हणाली, "पंचम जरा उतरलाय का?"

चाचांनी हसत हसत पहिल्या, म्हणजे पंचमाच्या तारेचा मणी सरकवला.