जीपचा खर्ज

जुन्या जीपमध्ये गाणी लावायची म्हटलं की पहिला प्रश्न कुठला टेप घ्यावा हा नसतो, तो ठेवायचा कुठे हा असतो. बाकीच्या गाड्यांना डॅशबोर्ड असतो, जीपला पत्रा असतो. सपाट, उभा पत्रा. त्यात मीटर, चार-दोन बटणं, आणि त्यांच्या मागे कुठल्या मालकाच्या काळात कोणी ओढल्या हे कळायला मार्ग नसलेल्या वायरी. जर्मनांनी गाडीतल्या रेडिओसाठी १८० बाय ५० मिलिमीटरची खिडकी ठरवून दिली आणि पुढे जगभरच्या कारखान्यांनी ती मान्य केली. जीपची कुळी त्याआधीची. ती दगडधोंड्यांतून जायला जन्मली, गाणी ऐकवायला नव्हे.

माझी महिंद्राची एमएम ५४० ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. नारायणगावच्या एका द्राक्षबागायतदाराकडून घेतली तेव्हा तिच्यात औषधफवारणीचा वास होता आणि आवाज फक्त इंजिनाचा. प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. कुटुंबातल्या वडीलधाऱ्या माणसाने सगळ्यांच्या बोलण्यावर बोलावं तसं ते बोलतं. अशा गाडीत टेप लावायचा हट्ट का, असं घरातही विचारून झालं होतं. एकट्याने लांब जायचं असेल तर कोणीतरी सोबत लागतं, यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुन्या जीपवाल्यांत पत्रा कापणं निषिद्ध. तुम्ही भडक रंग द्या, टायर दीड पट मोठे घाला, लोक मान हलवून सोडून देतील. पण मूळ पत्र्याला चौकोनी भोक पाडलंत की तुमच्याशी बोलायचं बंद करतील. मग उरतात तीन वाटा. पत्र्याखाली पट्टी मारून टेप टांगायचा, म्हणजे चढताना-उतरताना गुडघा त्यावर आपटतो. हुडाच्या पाइपला वर लावायचा, म्हणजे ताम्हिणीत जूनमध्ये काय होईल ते सांगायला नको. तिसरी वाट म्हणजे पुढच्या दोन सीटांमध्ये लोखंडी पेटी. मी वेल्डरकडून तीच करून घेतली, वर झाकण आणि झाकणाला कुलूप. ज्या गाडीला दारंच नाहीत, तिच्यात कुलूप लावण्यासारखी ही एकच जागा.

स्पीकरचीही तीच कथा. दारं नाहीत, तर दारातले स्पीकर कुठले? मागच्या आडव्या बाकांखाली, चाकाच्या कमानीला लागून थोडी जागा असते. तिथे दोन खोकी बसली. कागदी पडद्याचे स्पीकर घेऊ नयेत, ते एका पावसाळ्यात पापडासारखे फुगतात. पॉलिप्रॉपिलीनचा पडदा असलेले घ्यावेत. बोटींसाठी बनवलेले मिळाले तर आणखी चांगलं. आपल्या घाटातला पाऊस आणि समुद्र यांत फारसा फरक नाही, घाटातलं पाणी गोडं असतं एवढंच.

वायरिंग नाना पेठेतल्या एका वायरमनने केलं. त्याने बॉनेट न उघडताच विचारलं, "डिझेल का?"

"हो."

"मग साध्यातला टेप घ्या, साहेब. भारीतला आणि साध्यातला, तिथं सगळे सारखेच."

मी खोक्यावरचा आकडा दाखवला. पन्नास वॅट गुणिले चार. तो हसला. त्याचं हसणं गणिताला धरून होतं. चालू गाडीत बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि स्पीकर असतो चार ओहमचा. टेपच्या आतल्या चिपमधून त्या दाबावर स्वच्छ आवाज निघतो तो वीसेक वॅटचा. बाकीचे वॅट खोक्यावर छापलेले असतात आणि तिथेच राहतात. ताकद दुप्पट केली तरी आवाज वाढतो तीन डेसिबलने, म्हणजे कानाला 'जरा वाढला' वाटेल एवढाच.

वायरींचे रंग मात्र जगभर बरेचसे सारखे, ही मला फार दिलासा देणारी गोष्ट वाटते. पिवळी कायम बॅटरीवर, लाल चावीवर, काळी अर्थिंगची. पांढरी आणि करडी पुढच्या स्पीकरांना, हिरवी आणि जांभळी मागच्यांना; जिच्यावर काळी रेघ ती वजा. जुन्या काळी स्पीकरची वजा वायर सरळ बॉडीला द्यायची पद्धत होती. एक वायर वाचायची. आताच्या टेपांत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, त्यातली एक बॉडीला लागली की चिप जळते. आमचा वायरमन ते जाणून होता. त्याने दोन्ही वायरी रबरी बुश घालून पत्र्यातून नेल्या आणि प्रत्येक जोड सोल्डर केला. पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणाऱ्यांबद्दल तो जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

काळी वायर त्याने थेट बॅटरीच्या वजा टोकापर्यंत नेली. जवळच्या स्क्रूला का नाही, हे मला नंतर कळलं. जुन्या गाडीत बॉडी आणि चासी यांच्यामध्ये गंज असतो, रंगाचे थर असतात. अर्थिंग तिथे अडखळतं आणि अल्टरनेटरची सूंऽऽ गाण्यात उतरते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती वर चढते, सोडला की खाली येते. पेट्रोल गाडी असती तर वर ठिणग्यांची चटचटही आली असती. डिझेलला स्पार्क प्लगच नसतात, तेवढी एक कृपा. हा त्रास जीपच्या जन्मापासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या ज्या जीपांवर अशा विजेच्या गोंगाटाचा बंदोबस्त केलेला असे, त्यांच्या बॉनेटवरच्या क्रमांकाच्या शेवटी 'एस' अक्षर रंगवत. त्या जीपांतून बिनतारी संदेश जायचे, खरखरीत एखादा शब्द हरवणं परवडणारं नव्हतं.

तर टेप लागला, स्पीकर लागले, सूंऽऽ नाही, चटचट नाही. गाडी उभी असताना आवाज झकास. पहिला गिअर टाकला आणि अर्धं गाणं गेलं.

कुठलं अर्धं गेलं, याचा मी पुष्कळ दिवस विचार करत होतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर त्यात सेकंदाला साधारण ६७ वेळा डिझेल पेटतं. म्हणजे इंजिनाचा मूळ सूर ६७ हर्ट्झचा. आता बाजाची पेटी काढा. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत, गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३८-१३९ हर्ट्झवर असतो, आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. फेरे दोन हजारांच्या जरा वर नेले की माझी जीप काळी एकचा खर्ज लावते. अगदी सुरात. फक्त गिअर बदलला की षड्जही बदलतो, आणि घाटात तर तो प्रत्येक वळणावर बदलतो.

एकदा हे लक्षात आल्यावर बाकीचं आपोआप उलगडलं. इंजिनाने खालचे सूर घेतले आहेत, तिथे दुसऱ्या कोणाला जागा नाही. डग्ग्याची घुमार गेली, पखवाजाचं डावं अंग गेलं, बेस गिटार तर कधी होतंच की नाही अशी शंका यावी. खालचा मोठा आवाज त्याच्या वरच्यालाही थोडा झाकतो, त्यामुळे भारदस्त पुरुषी आवाजाचं निम्मं भारदस्तपण जातं. वर वारा आणि टायर. उरते ती मधली-वरची अरुंद पट्टी. त्या पट्टीत जे बसतं ते तरतं. लावणी तरते: ढोलकीची शाई कडकडीत वाजते, तुणतुण्याला तर कोणी हरवूच शकत नाही. भजन तरतं ते टाळांमुळे. सनई तरते. शाहिराची टिपेची झील कात्रजच्या बोगद्यातही ऐकू येते. विलंबित ख्याल मात्र लावू नये. पाच मिनिटं काहीच होत नाही, मग एक सम येते आणि ती खड्ड्यात जाते.

काही चाली या गोंगाटासाठीच बांधल्या असाव्यात, असं मला वाटतं. मैदानातला तमाशा, दिंडी, पोवाडा यांना कधी बंद खोली मिळालीच नाही. त्यांनी वारा, माणसं, बैलगाड्या हे सगळं धरूनच आवाज लावला. खोलीत बसून ऐकताना जो कर्कश वाटतो, तो जीपमध्ये बेताचा वाटतो.

हे वडापवाल्यांना, म्हणजे जीपमध्ये माणसं भरून नेणाऱ्यांना, फार पूर्वीपासून ठाऊक होतं. सातारा-कोल्हापूरकडे ज्यांनी नव्वदच्या दशकात वडापने प्रवास केला, त्यांना ती कमांडर किंवा ट्रॅक्स आठवत असेल: दहा जणांच्या जागेत सोळा, मागच्या पायरीवर दोघे लोंबकळणारे, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे दोन स्पीकर. आवाज चिरका. शहरातून आलेली माणसं तोंड वाकडं करायची. पण त्या ड्रायव्हरने बेस कमी, ट्रेबल पूर्ण असं बटण फिरवून ठेवलेलं असायचं, आणि इंजिन, माणसं, कोंबड्या या सगळ्यांवरून शब्द न् शब्द पायरीवरच्या माणसापर्यंत पोचायचा. ध्वनिशास्त्राचं पुस्तक त्याने उघडलं नसेल, पण फळ्यावर त्यापेक्षा निराळं काही शिकवत नाहीत.

मी मात्र एक वेगळीच गोष्ट पाहिली. बेस नाही, निम्मे शब्द नाहीत, तरी मला गाणं पूर्ण ऐकू येतं. अट एकच, ते आधी पाठ असलं पाहिजे. रिचर्ड वॉरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका वाक्यातला एक ध्वनी कापून त्याने तिथे खोकला बसवला. ऐकणाऱ्यांना वाक्य अखंड ऐकू आलं, आणि कुठला ध्वनी गाळला आहे ते सांगता येईना. कोरी शांतता ठेवली तर खाच कळते. गोंगाट ठेवला की मन मागून भर घालतं. जीप म्हणजे अखंड खोकला. डग्गा वाजत नसतो, मी तो आतून वाजवतो. मुखडा सुरू झाला की अंतरा मीच पुरवतो, टेप फक्त जागा धरून ठेवतो. म्हणून पुतण्या मागे बसून नवं गाणं लावतो तेव्हा मला ते गाणं नसून कोणीतरी पत्रा बडवतंय असं वाटतं, आणि माझं लावलं की त्याला. आम्ही दोघंही खरं बोलत असतो. नवं गाणं जीपमध्ये शिकता येत नाही. ते घरी शिकून यावं लागतं.

यामुळे जीपमध्ये माझी पसंती रेडिओला. त्यातही विविध भारती, कारण तिथे लागणारं बहुतेक सगळं पाठ असतं. पण घाटात रेडिओची तऱ्हा वेगळी. एफएमची लहर तीनेक मीटरची, ती सरळ रेषेत जाते. डोंगर आडवा आला की गेली. वरंध घाटात एका वळणावर निवेदक नमस्कार म्हणतो आणि पुढच्या तीन वळणांनी निरोप घेतो; मधलं काय होतं ते डोंगराला ठाऊक. मध्यम लहर अशी नव्हे. पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर पावणेचारशे मीटरांहून लांब, ती डोंगराला वळसा घालून खोऱ्यात उतरते. गुराख्याच्या कमरेला जो ट्रान्झिस्टर असायचा तो म्हणूनच दरीतही बोलायचा. गंमत अशी की बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त टेपांत मध्यम लहर आता नसतेच. ब्लूटूथ असतं, पेनड्राइव्हचं तोंड असतं, सात रंगांचे दिवे असतात. पेनड्राइव्हची एक गोष्ट मान्य करायला हवी, त्यात हलणारं काही नाही. स्प्रिंगच्या पाट्यांवरच्या गाडीत सीडी दर खड्ड्याला उडी मारायची आणि कडव्याऐवजी पुढचं गाणंच सुरू करायची.

चालत्या जीपमध्ये ऐकू यायचं तर आवाजाचा आकडा तीसवर लागतो. चढावर पस्तीस. कानाला त्याचं काही वाटत नाही, कारण गोंगाटही वाढलेला असतो. वाटतं ते थांबल्यावर. माळशेजच्या अलीकडे एका टपरीपाशी मी इंजिन बंद केलं. खर्ज गेला, वारा गेला, आणि पस्तीसवरची लावणी डग्ग्यासकट सगळ्या माळावर पसरली. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. टपरीवाला म्हणाला, "काय साहेब, वरातीला निघालाय?"

मी घाईने पेटीचं झाकण उघडून बटणाला हात घातला.

"अवो, बंद कशापायी करता?" बाकावरचे एक आजोबा म्हणाले. "कडवं तर हू द्या."

कडवं झालं. मग दुसरं झालं. आजोबांनी मांडीवर ठेका धरला होता आणि त्यांना ती लावणी माझ्यापेक्षा पक्की पाठ होती. हे इंजिन हीटर तापल्याशिवाय उठत नाही, बॅटरी उतरली तर सगळ्यांनी मिळून धक्का मारावा लागेल, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्यापुढे दुसरा चहा आला. "पैशे नकोत," टपरीवाला म्हणाला, "फकस्त मघाचं ते पयलं परत लावा."