250 रुपयांची पावती

आमच्या वाचनालयातल्या एका पुस्तकाला मी आजवर चार वेळा नवी तारीखपट्टी चिकटवली आहे. तालुक्याच्या गावात एवढं भाग्य कादंबऱ्यांच्याही वाट्याला येत नाही. एका गृहस्थांनी पायी नर्मदा परिक्रमा केली, त्याचं हे अनुभवकथन. नाव लिहीत नाही, कारण घडलं त्यात पुस्तकाचा काही दोष नव्हता. आता मराठीत अशा पुस्तकांनी अर्धं कपाट भरेल, पण मागणी याचीच.

हे पुस्तक परत आलं की वाचकाच्या चेहऱ्याकडे बघायची मला सवय लागली आहे. कुणी ते कपाळाला लावून टेबलावर ठेवतात. कुणी नुसतं सरकवतात. मधलं कुणी नसतं. एकीच्या घरी तर ते आठ महिने देवघरात होतं. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "ताई, दंड भरते, पण आत्ता नका मागू."

त्याला जागा कोणती द्यायची यावरून मी खूप विचार केला होता. पुस्तकं लावायच्या दशांश वर्गीकरण पद्धतीत भारतातला प्रवास 915.4 मध्ये जातो आणि हिंदू धर्म 294.5 मध्ये. उपजत भाविक वाचक अध्यात्माच्या कपाटाशीच उभा राहतो, प्रवासवर्णनाकडे फिरकत नाही. तरी मी ते प्रवासवर्णनातच ठेवलं. माणूस मैय्या उजव्या हाताला ठेवून चालला, कुठेही प्रवाह ओलांडला नाही, सदावर्तात मिळालेला शिधा शिजवून खाल्ला, पाय सुजले तरी थांबला नाही. एवढं चालणं ज्यात आहे ते प्रवासवर्णनच. या निर्णयाचा मला अजूनही अभिमान आहे.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक आजीव सभासद आहेत. त्यांना हे मुळीच मान्य नव्हतं. "कादंबरीत टाका," असं ते दर दोन महिन्यांनी सांगत. त्यांचं वाचन दांडगं आणि हिशेब पक्का. महेश्वरहून पहाटे निघून लेखक त्याच रात्री ओंकारेश्वराला पोहोचतो, म्हणजे 60-65 किलोमीटर, तेही सुजलेल्या गुडघ्याने, हे त्यांनी मला नकाशा उघडून दाखवलं होतं. रात्री ज्या झोपडीत म्हातारीने दूध दिलं ती झोपडीच सकाळी जागेवर नव्हती, या प्रसंगावर तर ते चिडायचेच. त्यांचा राग मला कळतो. आयुष्यभर मोजमाप केलेल्या माणसाला तो यायचाच.

मे महिन्यातली गोष्ट. त्या दिवशी मी बाइंडिंगला द्यायची पुस्तकं काढून बसले होते. अकराच्या सुमाराला हे पाटबंधारेवाले साहेब आले. हातात तेच पुस्तक. ते उघडून त्यांनी माझ्यासमोर आपटलं नाही, पण ठेवलं ते आपटल्यासारखंच. शूलपाणीची झाडी म्हणजे परिक्रमेच्या वाटेवरचं नर्मदाकाठचं जंगल, त्या प्रकरणात समासात निळ्या बॉलपेनने लिहिलेलं होतं.

"अभ्यासिकेतल्या त्या मुलाने लिहिलंय. मी बघितलंय. वाचनालयाच्या मालमत्तेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

तो मुलगा तळोदा तालुक्यातल्या धरणग्रस्तांच्या एका पुनर्वसन वसाहतीतला. नातेवाइकांकडे राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. सकाळी आठला येणार, रात्री कुलूप लावताना उठणार. मी बोलावलं तेव्हा त्याने नाकबूल केलं नाही.

"हो मॅडम, मीच लिहिलं."

"पेनने का लिहिलंस?"

"पेन्सिल नव्हती."

नियम स्पष्ट आहे: पुस्तकात लिखाण केल्यास पूर्ण किंमत वसूल. मागच्या पानावर किंमत होती 250 रुपये. त्याने पाकिटातून दोनशेची एक नोट काढली आणि उरलेले पन्नास बाहेर जाऊन कुणाकडून तरी आणले. मी पावती फाडली. साहेब तोवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मुलाने पावतीची घडी घातली, अभ्यासिकेतली पुस्तकं पिशवीत भरली आणि गेला. त्याने काय लिहिलं होतं ते मी तोपर्यंत धड वाचलंही नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर पानं तपासायला घेतली. बाइंडरकडे जाण्याआधी प्रत्येक पान उलटून बघावं लागतं. पान गळलं असेल आणि ते आपल्या लक्षात आलं नाही, तर जुजबंदी, म्हणजे पानांचे जुडगे एकत्र शिवायची शिलाई, झाल्यावर हातात काही उरत नाही. आमचा बाइंडर जुन्या पठडीतला, खळीत मोरचूद घालणारा, त्यामुळे त्याच्या पुस्तकाला कसर लागत नाही. पण त्याची एक खोड आहे. कडा सरळ दिसाव्यात म्हणून तो तिन्ही बाजूंनी चांगली पाव इंच पट्टी कापतो आणि समासातलं लिखाण अर्धं तुटतं. एरवी मला ते बरंच वाटायचं.

पानं उलटताना कळलं की हे पुस्तक बाहेरून जेवढं वाचलं गेलं, त्याहून जास्त ते समासात भांडलं गेलं होतं. पेन्सिलीने 'नर्मदे हर', 'नर्मदे हर'. एका पानावर 'इथे रडू आलं'. झोपडीच्या प्रसंगाशी 'खोटं!', त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'ज्याला अनुभव नाही त्याने बोलू नये', त्याखाली पुन्हा पहिल्या अक्षरात 'अनुभव म्हणजे पुरावा नव्हे'. ते पहिलं अक्षर सहा-सात पानांवर होतं. त्यातला ख जुन्या वळणाचा, 'रव' वाचावा असा सुटा.

तो ख मी ओळखत होते. मागणी नोंदवहीत दर महिन्याला तो मला दिसतो. खात्री करायला नोंदवही काढून शेजारी ठेवली. दोन्ही ख एकाच हाताचे होते.

मग शूलपाणीच्या झाडीचं पान काढलं. त्या प्रकरणात लेखकाला वाटेत लुटतात, अंगावर लंगोटीपुरतं ठेवतात, आणि मैय्याने अहंकार उतरवला म्हणून तो हात जोडतो. लुटणाऱ्यांना नुसतं 'मामा' म्हटलंय, परिक्रमावासी तिथल्या भिल्लांना म्हणतात तसं. वाचक सर्वांत जास्त याच प्रकरणाबद्दल बोलतात. समासात मुलाने लिहिलं होतं:

'ही वाट आमच्या गावातून होती. माझे आजोबा वाटसरूंना विचारायचे, किती मूर्ती? जेवढ्या मूर्ती तेवढ्या भाकरी. गाव आता पाण्यात आहे. हेही लिहायला पाहिजे होतं.'

परिक्रमेत माणसं मोजताना मूर्ती म्हणतात. लुटणाऱ्याच्या घरी हा शब्द नसतो.

मी त्या भागात कधी गेलेले नाही. नर्मदा महाराष्ट्राला अवघे 54 किलोमीटर शिवते, तीही नंदुरबारच्या टोकाला, आणि सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा-अक्राणीतली 33 गावं बाधित झाली, एवढं मी वाचलेलं. मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही त्याच पाण्याखाली गेलं. काठाची वाट बुडाल्यावर बरेच परिक्रमावासी प्रकाशावरून वळसा घेतात. पुस्तकात वळशाच्या दमणुकीचं वर्णन आहे, अगदी मनापासून केलेलं. वाट का बुडाली, तिच्यावर कोण राहत होतं, याला एक ओळ नाही. मी ते पुस्तक दोनदा वाचलं, शेकडो जणांच्या हाती दिलं, आणि मलाही ती ओळ नाही हे जाणवलं नव्हतं.

संध्याकाळी कार्यवाहांना फोन केला. म्हटलं, लिहिणारे दोघं आहेत, पैसे एकाकडूनच घेतलेत, तेही गरिबाकडून. ते म्हणाले, "पेन्सिल पुसता येते. साहेब आजीव सभासद आहेत, देणगीदार आहेत. वाढवू नका." नियमात पेन आणि पेन्सिल असा भेद कुठेही नाही. आमच्याकडे भेद माणसांत होतो आणि कारण नंतर शोधलं जातं, हे मी एकोणीस वर्षं बघते आहे. त्या दिवशी सकाळी मीही तेच केलं. मुलाला एक प्रश्न विचारला असता तर पुरे होतं, की काय लिहिलंस रे?

पेन्सिल पुसायला मऊ रबर लागतं. मधून कडेकडे, एकाच दिशेने, दुसऱ्या हाताने पान दाबून. उलटसुलट घासलं की जुना कागद फाटतो. मी रबर हातात घेतलं आणि खाली ठेवलं. एकाचं पुसायचं आणि एकाचं पेनामुळे राहायचं, हेही नको होतं. बाइंडिंगच्या चिठ्ठीवर लिहिलं: कडा कापू नयेत. बाइंडरचा फोन आला, "ताई, बेंगरूळ दिसेल." दिसू दे म्हटलं.

पुस्तक जूनमध्ये परत आलं. कडा खरंच वेड्यावाकड्या आहेत. नव्या पट्टीवरचा पहिला शिक्का देवघरवाल्या बाईंचा. त्यांच्या सासूबाईंना दिसत नाही, रोज रात्री त्या चार पानं वाचून दाखवतात, हे मला त्यांनी तेव्हाच सांगितलं.

मुलगा त्या दिवसानंतर अभ्यासिकेत आलेला नाही. नोंदणी अर्जावरचा त्याचा नंबर मी दोनदा लावला, बंद लागला. नातेवाइकांकडे निरोप ठेवला आहे. 250 रुपये जमा झालेले असल्यामुळे ते मला परत करता येत नाहीत, म्हणून तेवढे माझ्याकडचे पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवलेत.

परवा त्या बाई पुस्तक परत करायला आल्या. या वेळी मुदतीच्या आत. म्हणाल्या, "ताई, ते पेनने लिहिलेलंही वाचून दाखवलं हो मी आईंना. त्यांनी मला तिथेच थांबवलं. म्हणाल्या, त्या पोराच्या आजोबांचं नाव काय ते विचारून ये. रोज मैय्याचं नाव घेतो, एकदा त्यांचंही घेऊ."

मी अर्ज काढून बघितला. त्यात फक्त वडिलांचं नाव आहे.