दोन काळ्या पिशव्या

इंग्लंडमध्ये सोशल वर्कर म्हणून लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. त्या दिवशी दोन भावांना लंडनहून नॉरफकला पोचवायचं होतं. थोरला नऊ वर्षांचा, धाकटा सहाचा. आईवडील पश्चिम आफ्रिकेतून आलेले. त्यापुढचं सांगत नाही. पोरांचे कपडे कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्यांत भरलेले. बॅग द्यावी हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, ते जास्त लागलं.

सकाळपर्यंत दोघांना सांभाळायला दोन वेगळ्या कुटुंबांची घरं ठरली होती. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवा, असं १९८९चा चिल्ड्रन ॲक्ट हा कायदा सांगतो. पण ‘शक्यतो’ या शब्दात काय काय मावतं! अकराच्या सुमाराला एक म्हातारं जोडपं दोघांना ठेवून घ्यायला तयार झालं, तेव्हा कुठे मी डबा उघडला आणि उभ्यानंच दोन घास पोटात ढकलले.

गाडीत धाकट्यानं थोरल्याच्या जॅकेटची बाही मुठीत धरली, ती पार नॉरफकमधलं ॲटलबरो येईपर्यंत.

त्या घरातले आजोबा नॉरिच सिटी या फुटबॉल क्लबचे जुने भक्त. चहा व्हायच्या आतच सुरू झाले, “इथून जवळच, श्रॉपममध्ये, दोन भाऊ वाढले. तुमच्यासारखेच.”

जस्टिन आणि जॉन फॅशानू. वडील नायजेरियाचे, वकिलीतले. आई गयानाची, नर्स. संसार मोडला, पोरं बर्नार्डोज या संस्थेच्या अनाथाश्रमात गेली आणि तिथून जॅक्सन नावाच्या गोऱ्या जोडप्याकडे.

मग आजोबांनी पिशवीतल्या मोज्यांचा बोळा केला आणि सतरंजीवर उभे राहिले. “फेब्रुवारी १९८०. थोरला जस्टिन आपल्या नॉरिचकडून. समोर लिव्हरपूल. गोलकडे पाठ. एका पायानं चेंडू उचलला, गर्रकन वळला आणि डाव्यानं हाणला!” मोजे पडद्यात. “सामना ५-३ हरलो. पण तो कुणाच्या लक्षात आहे?” पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्टनं जस्टिनला दहा लाख पौंडांना घेतलं. एवढी किंमत मिळालेला तो पहिला काळा ब्रिटिश फुटबॉलपटू.

“आणि धाकटा?” थोरल्यानं विचारलं.

“तोही खेळला की! विंबल्डन क्लबकडून १९८८चा एफए कप, इंग्लंडचा मानाचा फुटबॉल करंडक, जिंकला.”

“मोठेपणीपण एकत्रच होते?”

आजोबा मोजे उचलायला वाकले ते वाकलेच. ते माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे. १९९० साली जस्टिननं आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं आणि सख्ख्या भावानं त्याला जाहीरपणे झिडकारलं. १९९८ मध्ये जस्टिननं आत्महत्या केली. मला हे सगळं ठाऊक होतं. म्हटलं, “चला, खोली बघू.”

खोलीत दोन पलंग होते. धाकट्यानं आपली पिशवी ओढत नेऊन थोरल्याच्या पलंगावर ठेवली. आजीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “यांच्या केसांना काय लावतात गं?” आधीच विचारलं, हे मला आवडलं.

रात्री नोंद लिहिताना शेवटी टाकलं: दोन बॅगा हव्यात. मंजुरी यायला तीन आठवडे लागले.