पाणी-खत सारखं, वाण वेगळे

मेच्या सुट्टीत चोपड्याला गेलो होतो. बाहेर झळा, मळ्याच्या कडेची शेवरी वाऱ्यानं आडवी होत होती आणि मी पंख्याखाली लॅपटॉप उघडून बसलेलो. आप्पांनी पडद्यावरच्या रंगीत रेघा पाहिल्या. ‘‘हाई काय शे?’’

म्हटलं, पृथ्वीचं तापमान सांगणारी मॉडेलं. एकेक रेघ एकेका मॉडेलची.

‘‘इतला मॉडेल कसाले?’’ चांगलं असेल ते एक ठेवा, बाकीची फेका, असं त्यांचं म्हणणं.

बीएस्सीच्या पोरांना मी हे दरवर्षी फळ्यावर शिकवतो, पण समजावता आलं ते आप्पांच्याच केळीच्या कांदेबागेवरून. अर्ध्या वावरात त्यांनी ग्रँड नैन लावली होती, अर्ध्यात श्रीमंती. ठिबक तेच, खत तेच. घडात फरक पडला तर तो वाणाचा, हे मग कुणी सांगावं लागत नाही. १९९५ पासून चाललेल्या सीएमआयपीत, म्हणजे हवामानाची मॉडेलं ताडून पाहण्याच्या जागतिक प्रकल्पात, हेच करतात. जगभरच्या संस्थांनी आपापली मॉडेलं आणायची, प्रयोग मात्र सगळ्यांना तोच. सहाव्या फेरीत पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचंही मॉडेल होतं. भारतातून उतरलेलं ते पहिलंच.

एक प्रयोग तर आडदांड आहे. १८५० सालचा कार्बन डायऑक्साइड एका फटक्यात चौपट करायचा आणि पुढची दीडशे वर्षं मॉडेल चालू द्यायचं. खऱ्या हवेत असं होणार नाही, पण मॉडेलचा स्वभाव उघडा पडतो. त्यावरून काढतात, की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी शेवटी किती तापेल. सहाव्या फेरीत उत्तरं आली १.८ अंशांपासून ५.६ अंशांपर्यंत! फरकाचं मोठं कारण ढग. मॉडेल पृथ्वीचे चौकटी-चौकटींत तुकडे करून गणित मांडतं. ढग त्या चौकटीपेक्षा लहान, म्हणून ते थेट गणितात धरता येत नाहीत, ठोकताळ्यानं बसवावे लागतात, आणि ठोकताळा ज्याचा त्याचा.

‘‘मग सरासरी काढत असतील,’’ आप्पा म्हणाले, आणि लगेच स्वतःच अडले. ‘‘पण रोपं एकाच नर्सरीतली असली तर? रोग आला की सगळीच बसतात.’’

मी गप्प. शोधनिबंधांतला वाद त्यांनी चहा ओतता ओतता काढला होता. मॉडेलं एकमेकांचे तुकडे उसने घेतात. कुणाचा समुद्र, कुणाचं वातावरण. दहांचं एकमत झालं म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असं नाही. म्हणून आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानं नुसत्या सरासरीवर भिस्त ठेवली नाही. प्रत्यक्ष नोंदी, जुन्या हवामानाचे पुरावे यांच्याशी ताडून २.५ ते ४ अंश हा पल्ला धरला. फार तापट मॉडेलं तिथेच मागे पडली.

आप्पांना एवढ्यानं समाधान नव्हतं. ‘‘यात आपला मळा कुठे?’’

नकाशा मोठा केला. यातल्या बऱ्याच मॉडेलांची चौकट शंभर-दोनशे किलोमीटरची. सातपुडा, तापी, चोपडा, जळगाव, सगळं एकाच रंगाच्या चौकोनात. आप्पांनी चष्मा वर केला, चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘डोंगर कुठे गेला रे?’’